काट्याची मुशी : एक नाव, दोन जाती

कोकणच्या किनाऱ्यावर ज्या माशाला मुशी म्हणतात त्यालाच मालवणाकडे आणि गोव्यात मोरी म्हणतात. रोज मासळी हाताळणाऱ्या कोळणी-कोळ्यांना मुशींमधले लहानसहान भेद दिसतात. परंतु गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडताना त्या साऱ्या मुशीच असतात. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील ज्या कुटुंबांचा समुद्राशी संबंध केवळ सुट्टीतल्या प्रवासापुरता उरला आहे, त्यांना तर हा एक शब्दही परका वाटावा. कालवणापुरते एक नाव पुरते, यात शंका नाही. पण समुद्रातून कोणता मासा किती काढावा आणि किती राखावा हे ठरविण्याची वेळ आली, म्हणजे एका नावाखाली दोन भिन्न प्राणी दडलेले असणे महागात पडते. अशीच गोष्ट थंड समुद्रांतील एका लहानशा शार्कच्या बाबतीत घडली. जगाने सुमारे अर्धशतक ज्याला एकच मासा मानले, ते वस्तुतः दोन होते.

हा शार्क म्हणजे काट्याची मुशी. इंग्रजी बोलणाऱ्या कोळ्यांनी त्याला ‘डॉगफिश’, म्हणजे कुत्रा-मासा, असे नाव दिले. कुत्र्यांच्या टोळीप्रमाणे हे मासे शेकड्यांनी एकत्र फिरतात आणि समोर येईल त्या भक्ष्यावर तुटून पडतात, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. डॉगफिश हे नाव इतरही कित्येक लहान शार्कांना लावले जाते. परंतु येथे विचार करावयाचा तो ‘स्क्वॅलस’ या प्रजातीतील काटेरी डॉगफिशचा. त्याची लांबी साधारणतः एक मीटरच्या आसपास असते. मादी नराहून मोठी असते आणि सव्वा मीटरच्या पुढेही जाते. अंग सडपातळ, पाठ करडी, पोट पांढुरके आणि पाठीच्या दोन्ही अंगांस पांढऱ्या ठिपक्यांची विरळ रांग, असे त्याचे रूप आहे. इतर सर्व शार्कांप्रमाणे याच्या शरीरात हाड नसते. सांगाडा सारा कूर्चेचा. शेपटीच्या अलीकडे पोटाच्या बाजूस बहुतेक शार्कांना जो एक पर असतो तो याला नसतो. मात्र पाठीवरच्या दोन्ही परांच्या पुढे एकेक टोकदार काटा असतो. पकडला गेला म्हणजे हा मासा अंग धनुष्यासारखे वाकवून तो काटा मारतो, आणि काट्याच्या बुडाशी सौम्य विष असल्यामुळे जखम बराच वेळ ठणकते. जाळ्यातून मासळी सोडविणाऱ्या खलाशांच्या मनात या माशाविषयी प्रेम नसावे हे साहजिकच होय.

या माशाचे पहिले शास्त्रीय नामकरण स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५८ मध्ये केले. त्याने युरोपच्या समुद्रातील माशाला ‘स्क्वॅलस अकँथिअस’ असे नाव दिले. ‘अकँथा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ काटा असा आहे. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १८५० नंतरच्या दशकात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत रेल्वे नेण्यासाठी मुलुखाची पाहणी चालू होती. अशा पाहणीच्या तुकड्यांबरोबर निसर्गसंग्राहकही जात असत. त्यांपैकी जॉर्ज सक्ली या लष्करी डॉक्टराने आजच्या वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट खाडीच्या परिसरातून जे प्राणी गोळा करून पाठविले त्यांत हा काट्याचा शार्क होता. स्मिथ्सोनियन संस्थेत काम करणाऱ्या चार्ल्स जिरार या शास्त्रज्ञाने तो युरोपच्या माशाहून निराळा ठरवून, सक्लीच्या नावावरून त्याला ‘सक्लियाय’ असे जातिनाम दिले.

त्यानंतर काही दशके दोन्ही नावे चालली. परंतु पुढे पुढे संग्रहालयांत जगभरचे नमुने जमू लागले आणि ते शेजारीशेजारी ठेवून पाहणाऱ्यांना त्यांत ठळक भेद दिसेना. रंग तोच, काटे तेच, ठिपके तेच. विसाव्या शतकाच्या मध्यास अटलांटिक, पॅसिफिक, भूमध्य समुद्र, काळा समुद्र, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या साऱ्या ठिकाणचा काट्याचा शार्क एकच, असे मत रूढ झाले आणि जिरारचे नाव अडगळीत पडले. एकाच जातीचा एवढा विस्तार आणि एवढी संख्या, तेव्हा या माशाला तोटा कसला, अशी समजूत त्याबरोबर आपोआप दृढ झाली. नावाची चूक पुस्तकात घडली. तिचा परिणाम मात्र मासेमारीच्या हिशेबात उतरला.

त्या समजुतीवर पहिला आघात झाला तो या माशाच्या वयाच्या अभ्यासामुळे. माशाचे वय कसे ओळखावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हाडे असलेल्या माशांच्या कानात लहान खडे असतात आणि त्यांवर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षागणिक वलये उमटतात. शार्कला तसे खडे नसतात. काट्याच्या शार्कच्या बाबतीत मात्र निसर्गाने दुसरी सोय ठेवलेली आहे. त्याच्या पाठीवरील दुसऱ्या परापुढचा काटा जन्मभर वाढत राहतो आणि त्याच्या चकचकीत आवरणावर दरवर्षी एक गडद पट्टा पडतो. हे पट्टे मोजले की वय कळते. वृद्ध माशाच्या काट्याचे टोक झिजलेले असते. त्याचा अंदाज घेऊन काही वर्षे वाढवावी लागतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील संशोधकांनी असे पट्टे मोजले तेव्हा आलेले आकडे सहज विश्वास बसण्याजोगे नव्हते. कित्येक मासे ५० ते ६० वर्षांचे निघाले. काहींचे वय ८० च्या घरात गेले. अटलांटिकमधील माशांचे वय याच रीतीने मोजले असता ते ४० च्या आसपास संपत होते. हा फरक खरा, की पॅसिफिकच्या माशाला एका वर्षात दोन पट्टे पडतात, अशी शंका कोणालाही यावी.

तिचे निरसन अगदी अनपेक्षित साधनाने झाले. १९५० ते १९६० च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतील आणि पाठोपाठ समुद्राच्या पाण्यातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले. त्या काळात वाढत असलेल्या प्रत्येक सजीवाच्या शरीरात त्या कार्बनची नोंद राहिली, तशी ती काट्याच्या आवरणातही राहिली. एखाद्या काट्याच्या ज्या पट्ट्यात हा कार्बन वाढू लागलेला दिसतो, तो पट्टा कोणत्या वर्षाचा हे त्यावरून कळते. आणि तेथून पुढचे पट्टे मोजले म्हणजे पट्ट्यांची गणना वर्षांशी जुळते की नाही हे पडताळता येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात ती गणना जुळली. पॅसिफिकचा मासा खरोखरच दीर्घायुषी होता आणि अटलांटिकच्या माशाहून कितीतरी सावकाश वाढत होता. जगाचा नाश करू शकणाऱ्या शस्त्रांच्या चाचण्यांनी एका मुक्या प्राण्याच्या आयुष्याचा दाखला लिहून ठेवावा, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

आयुष्याइतकेच महत्त्व प्रजोत्पादनाच्या वयाला आहे. अटलांटिकच्या वायव्य भागातील मादी साधारणतः १२ व्या वर्षी प्रौढ होते. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील मादी प्रौढ होण्यास सरासरीने ३५ वर्षे लागतात. दोघींचे गर्भारपण मात्र सारखेच लांब, म्हणजे सुमारे २२ ते २४ महिने असते. हत्तिणीच्या गर्भारपणाशी स्पर्धा करणारा हा काळ होय. या शार्कची अंडी बाहेर पडत नाहीत. प्रारंभीचे काही महिने ती मातेच्या पोटात एका पातळ पारदर्शक कोशात एकामागे एक मांडलेली असतात. नंतर तो कोश विरतो आणि पिले स्वतःच्या बलकावर वाढून, २० ते ३० सेंटीमीटर लांबीची पूर्ण शार्क होऊनच जन्माला येतात. एका वेताला बहुधा पाचसहा ते दहाबारा पिले होतात, आणि मादी जितकी मोठी तितकी पिलांची संख्या अधिक असते.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने लक्षात येईल. १९४४ साली जन्मलेल्या दोन माद्या कल्पाव्या, एक अटलांटिकमधील व एक पॅसिफिकमधील. अटलांटिकची मादी १९५६ च्या सुमारास वयात येईल आणि १९५८ च्या आसपास तिला पहिली पिले होतील. पॅसिफिकची मादी वयात येईपर्यंत १९७९ साल उजाडेल आणि तिची पहिली पिले जन्मतील ती १९८१ च्या सुमारास. तोपर्यंत अटलांटिकच्या मादीची केवळ मुलेच नव्हे तर नातवंडेही समुद्रात फिरत असतील. रूपाने जुळ्या दिसणाऱ्या या दोघींच्या आयुष्याचे घड्याळ असे निरनिराळ्या गतीने चालते.

असे असताना त्यांना एकाच जातीचे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर २००० नंतरच्या दशकात अनुवंशशास्त्राने दिले. जगातील निरनिराळ्या समुद्रांतून पकडलेल्या काट्याच्या शार्कांच्या पेशींतील जनुके ताडून पाहिली, तेव्हा त्यांचे दोन स्पष्ट गट पडले. एका गटात उत्तर पॅसिफिकचे सारे मासे आले. दुसऱ्या गटात अटलांटिकचे मासे तर होतेच, पण चिली व न्यूझीलंड येथील, म्हणजे दक्षिण पॅसिफिकचे मासेही होते. महासागर एकच, पण त्याच्या दक्षिणेकडचे मासे उत्तरेकडच्या शेजाऱ्यांपेक्षा दूरच्या अटलांटिकवाल्यांना अधिक जवळचे निघाले. याचे कारण पाण्याच्या उष्णतेत आहे. हा मासा थंड पाण्याचा रहिवासी असून विषुववृत्ताजवळचे कोमट पाणी त्याला मानवत नाही. त्यामुळे उष्ण कटिबंधाचा पट्टा त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा असतो, आणि त्या भिंतीपलीकडे राहिलेली उत्तर पॅसिफिकची शाखा फार प्राचीन काळापासून वेगळी वाढत आलेली आहे. त्या शाखेच्या आत मात्र मुक्त संचार आहे. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळ खूण बांधून सोडलेला एक मासा सुमारे सात वर्षांनी थेट जपानच्या किनाऱ्यावर सापडल्याची नोंद आहे.

जनुकांचा कौल मिळाल्यावर शरीराची तपासणी पुन्हा नव्या दृष्टीने झाली आणि पूर्वी नजरेतून निसटलेले भेद दिसू लागले. उत्तर पॅसिफिकच्या माशाचे मुस्कट आखूड व रुंद गोलाईचे असते. पाठीवरचा पहिला काटा छातीच्या परांच्या मागच्या टोकाच्याही मागे उगवतो. पोटाचे पर पाठीवरच्या दोन परांच्या मध्यापासून मागे सरकून दुसऱ्या पराच्या जवळ असतात. मणक्यांच्या संख्येतही फरक आढळतो. यांपैकी एकेक लक्षण घेतले तर ते बारीक आहे. सारी एकत्र घेतली म्हणजे ओळख पक्की होते. २०१० मध्ये डेव्हिड एबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सर्व पुरावे मांडून उत्तर पॅसिफिकच्या माशाला त्याचे जुने नाव परत दिले. जिरारच्या मूळ नमुन्याच्या जागी नवा प्रमाण-नमुना ठरविण्यात आला. अशा रीतीने ‘स्क्वॅलस सक्लियाय’ ही जात दीड शतकानंतर पुन्हा ग्रंथांत दाखल झाली. तिचा विस्तार कोरिया व जपानपासून बेरिंग समुद्र व अलास्कावरून खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आहे. बाकीचे समुद्र लिनीअसच्या ‘अकँथिअस’कडे राहिले.

एका नावाची दोन नावे झाल्याने असा कोणता फरक पडला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या दोन माशांच्या शिकारीच्या इतिहासात आहे.

पॅसिफिकच्या माशाची मोठी शिकार झाली ती त्याच्या यकृतासाठी. शार्कच्या यकृताच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते हे १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि युरोपातून येणारे कॉड माशाचे तेल दुर्मीळ झाले. या टंचाईची झळ भारतालाही लागली होती. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचे कारखाने निघाले ते त्याच काळात. कॅनडा व अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर कोळ्यांची अक्षरशः झुंबड उडाली. १९४४ च्या सुमारास ही मासेमारी शिगेला पोहोचली होती. कित्येकदा यकृत काढून घेऊन उरलेला मासा समुद्रात फेकून देत. पुढे कारखान्यांत कृत्रिम ‘अ’ जीवनसत्त्व तयार होऊ लागले आणि १९५० च्या सुमारास तेलाचा बाजार बसला. मासा वाचला तो कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर रसायनशास्त्रज्ञाच्या कृपेने. तरीही त्याच्या मागचा ससेमिरा संपला नाही. सॅमनसारख्या मौल्यवान माशांच्या जाळ्यांचा नाश करणारा उपद्रवी प्राणी म्हणून त्याचे प्रमाण कमी करण्यासाठी १९५० व १९६० च्या दशकांत कॅनडाच्या सरकारने पैसेही खर्च केले. ज्या माशाची मादी ३५ वर्षांनी प्रौढ होते त्याला मारण्यासाठी अनुदान द्यावे, हे आज चमत्कारिक वाटते. पण त्या वेळी त्याचे वय कोणाला ठाऊक होते!

अटलांटिकच्या माशाची कथा निराळी आहे. त्याला शत्रू भेटला तो ताटात. इंग्लंडमध्ये तळलेल्या मासळीच्या दुकानांतून तो ‘रॉक सॅमन’ अशा रुचकर नावाने विकला गेला. वास्तविक सॅमनशी त्याचे कसलेच नाते नाही. जर्मनीत त्याच्या पोटाच्या पट्ट्यांना धुरी दिली म्हणजे त्या वळतात. त्या कुरळ्या पट्ट्यांना कवी शिलरच्या केसांच्या बटांवरून नाव मिळाले. ईशान्य अटलांटिकमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला ६०,००० टनांच्या घरात हा मासा काढला जात होता. त्यानंतर साठा ओसरत गेला. अखेर युरोपीय संघाने २०११ पासून या माशाचा मंजूर कोटा शून्यावर आणला. बारा वर्षांच्या विश्रांतीनंतर, साठा सावरू लागल्याचे पाहून, २०२३ मध्ये मर्यादित मासेमारीस पुन्हा परवानगी मिळाली. या वेळी मोठ्या माद्यांच्या रक्षणासाठी १०० सेंटीमीटरहून लांब मासे धरू नयेत अशी अट घालण्यात आली.

त्या अटीमागे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा धडा होता. तेथे १९९० च्या दशकात युरोपच्या मागणीसाठी या माशाची मासेमारी झपाट्याने वाढली. युरोपच्या बाजाराला मोठा मासा हवा असे, आणि मोठा मासा म्हणजे मादी, तीही बहुधा गाभण. प्रत्येक मोठ्या मादीबरोबर तिच्या पोटातली पिढीही जाळ्यात जात होती. थोड्याच वर्षांत समुद्रात पिले दिसेनाशी झाली. १९९८ मध्ये हा साठा अतिमासेमारीने खालावल्याचे अधिकृतरीत्या जाहीर झाले, मासेमारीवर कडक मर्यादा आल्या, आणि २०१० मध्ये साठा पूर्वपदावर आल्याची घोषणा करता आली.

आता हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावेत. अटलांटिकच्या पश्चिम बाजूचा साठा सुमारे बारा वर्षांत सावरला, कारण तेथील मादी बारा वर्षांच्या आसपास प्रौढ होते आणि बंदीच्या काळात नव्या माता तयार झाल्या. हाच नियम, हीच मुदत, ‘मासा एकच आहे’ अशा समजुतीने पॅसिफिकला लावली असती तर काय झाले असते? बारा वर्षांनी तेथील पिले जेमतेम किशोरवयात आली असती. त्यांतील एकही मादी माता झाली नसती. साठा सावरला असे समजून पुन्हा जाळी टाकली असती तर ती आई होण्यापूर्वीच्या पिढीवर पडली असती. तेथे सावरण्याची मुदत वर्षांत नव्हे, तर पिढ्यांत मोजावी लागते. दोन नावे हवीत ती याचसाठी. नाव हे केवळ शास्त्रज्ञांच्या दप्तरातले लेबल नसून त्या नावाखाली माशाचे वय, वाढ आणि प्रजा यांचा हिशेब ठेवला जातो. आणि कायदा त्या हिशेबावरच चालतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सावकाश वाढणारा प्राणी अधिक संकटात असणार असे वरील विवेचनावरून कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आजवर उलट घडले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीतील मूल्यमापनानुसार अटलांटिकसह जगभर पसरलेली ‘अकँथिअस’ ही जात असुरक्षित ठरली, तर पॅसिफिकची सावकाश वाढणारी ‘सक्लियाय’ कमी चिंतेच्या वर्गात बसली. याचे कारण असे, की प्राण्याची दुर्बलता हा तराजूचा एक भाग झाला; दुसऱ्या भागात माणसाची मागणी असते. तेलाचा बाजार बसल्यावर पॅसिफिकच्या माशाला मोठे गिऱ्हाईक राहिले नाही. अटलांटिकच्या माशाला दोन श्रीमंत देशांची जेवणघरे मिळाली. अर्थात पॅसिफिकच्या माशाने निर्धास्त राहावे असे मुळीच नाही. कॅनडातील संकटग्रस्त जीवांचा आढावा घेणाऱ्या समितीने २०११ मध्ये त्याला विशेष लक्ष देण्यायोग्य जात ठरविले. उद्या त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले, तर अटलांटिकमध्ये बारा वर्षांत भरून निघालेली हानी तेथे भरून निघण्यास कित्येक दशके लागतील.

काट्याची ही मुशी अरबी समुद्रात नाही. येथले पाणी तिला फार उष्ण. परंतु तिच्यापासून घ्यावयाचा बोध येथेही लागू आहे. युरोप-अमेरिकेतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी डॉगफिशचे विच्छेदन करीत आले. भारतात त्याची जागा स्कोलिओडॉन या देशी मुशीने घेतली. या मुशीच्या शरीररचनेवरील ई. एम. थिल्लयमपलम यांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना शार्क म्हणजे काय हे याच मुशीने शिकविले. मुंबई व गुजरातच्या किनाऱ्यांवर ही मुशी विपुल मिळते. जुन्या क्रमिक पुस्तकांत ती ‘सोराकोवा’ या नावाने वावरत असे. आता तिला ‘लॅटिकॉडस’ म्हणतात. आणि योगायोग असा, की ज्या २०१० साली काट्याच्या मुशीची फाळणी झाली, त्याच साली स्कोलिओडॉनचीही झाली. इंडोनेशिया, चीन व त्या बाजूच्या समुद्रांतील मासा आपल्याकडील माशाहून निराळा ठरून त्याला स्वतःचे जुने जातिनाम परत मिळाले.

आपल्या या मुशीचा जीवनक्रम काट्याच्या मुशीच्या अगदी उलट आहे. ती एकदोन वर्षांत प्रौढ होते, तिचे गर्भारपण पाच-सहा महिन्यांचे असते आणि एका वेताला दहाबारा पिले सहज होतात. म्हणूनच इतकी मासेमारी होऊनही ती अद्याप बाजारात दिसते. पण तिच्याच शेजारी टोपलीत पडलेली दुसरी एखादी मुशी कदाचित सावकाश वाढणाऱ्या, मोठ्या होणाऱ्या जातीचे पिल्लू असते. बाजारात दोघींचे नाव एक, भाव एक. पहिली दरवर्षी भरून निघते; दुसरीची जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी झाली हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ‘मुशी’ तर रोजच येत असते. एका नावाखाली एक जात नाहीशी होत असली तरी हिशेबाची बेरीज काही काळ बरोबरच येत राहते. आणि खरा धोका त्या बरोबर दिसणाऱ्या बेरजेतच आहे.

यावर उपाय फार अवघड आहे असे नाही. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नोंद केवळ ‘शार्क’ अशी न करता जातवार करणे, हा त्याचा आरंभ होय. या कामी प्रयोगशाळेइतकाच उपयोग कोळ्यांच्या पारखीचा आहे. मुस्कटाची गोलाई, पराची जागा, ठिपक्यांची ठेवण हे भेद त्यांच्या डोळ्यांना सवयीचे असतात. शास्त्राने त्यांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेले तपासून लिहून ठेवावे. १८५० नंतरच्या दशकात जिरारने दिलेले नाव खरे होते. ते नमुने पुढे शेजारीशेजारी ठेवून पाहणाऱ्यांची नजर घाईची होती. प्यूजेट खाडीतील ज्या माशाला जिरारने नाव दिले, त्याची पिले जन्मली, वाढली आणि माता झाली, तरी ग्रंथांत त्यांच्या नावाचा पत्ता नव्हता. ते नाव परत मिळेपर्यंत दीडशे वर्षे गेली. दीडशे वर्षे म्हणजे त्या माशाच्या केवळ चारेक पिढ्या. त्यांना उशीर झाला नाही हे भाग्य. पण प्रत्येक माशाला तेवढी सवड मिळेलच असे नाही.